गाडी वॉरंटीत, हाताशी दुसरीच : मग विमा कोणाचा?

वाहनविम्याच्या या सदराकडे आलेल्या पत्रांतून या वेळी एकाच गाठीची पत्रे निवडली आहेत. स्वतःची गाडी वॉरंटीच्या दुरुस्तीसाठी वर्कशॉपमध्ये आहे आणि तोवर भाड्याची, वर्कशॉपने दिलेली किंवा मागून आणलेली गाडी चालवावी लागते आहे. या काळात अनेकांना वाटते की आपल्या पॉलिसीतले झीरो डेप (बदललेल्या भागांची जुनेपणामुळे घटलेली किंमत न कापता भरपाई देणारे जादा संरक्षण) आणि बाकीची अ‍ॅड-ऑन्स आपल्यासोबत या नव्या गाडीत येतात. तसे होत नाही. भारतात वाहनविमा गाडीला चिकटलेला असतो, चालवणाऱ्याला नाही. तुमची पॉलिसी तुमच्या गाडीबरोबर वर्कशॉपच्या लिफ्टवर चढून बसली आहे, हे धरूनच पुढची उत्तरे वाचावीत.

प्रश्न : माझी ऑटोमॅटिक एसयूव्ही दोन वर्षांची आहे. गिअरबॉक्स बिघडला. कंपनी तो वॉरंटीत बदलून देणार आहे, पण पार्ट यायला 25 दिवस लागतील असे वर्कशॉप म्हणते. रोज 1,800 रुपये देऊन भाड्याची गाडी वापरतो आहे. माझ्या विम्यात दैनंदिन भत्त्याचे अ‍ॅड-ऑन आहे, तरी विमा कंपनीने भत्ता नाकारला. हे बरोबर आहे का? (पुणे)

नकार पॉलिसीच्या शब्दांत बसतो. दैनंदिन भत्ता हा ओडी क्लेमच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या दाव्याच्या आधाराने उभा असतो. अपघात, आग, चोरी, पूर अशा कारणाने गाडी गॅरेजमध्ये गेली आणि तो क्लेम मंजूर झाला, तरच भत्ता सुरू होतो. तेव्हाही बहुधा पहिले काही दिवस वगळून आणि ठराविक दिवसांच्या मर्यादेत. पॅकेज पॉलिसीच्या वगळलेल्या गोष्टींत यांत्रिक आणि विद्युत बिघाड, झीज आणि घसारा हे स्पष्ट लिहिलेले असते. गिअरबॉक्स आपसूक बिघडला हा यांत्रिक बिघाड. ओडी क्लेमच नाही, म्हणून भत्ताही नाही.

पण एक गोष्ट नक्की तपासा. गिअरबॉक्स का बिघडला? गाडी लिफ्टवर असताना स्वतः खाली उभे राहून केसिंग पाहा. दगड किंवा गतिरोधक घासल्याची खूण, तडा, तेलाचा ओला पट्टा दिसतो का? असेल तर वर्कशॉप उद्या म्हणू शकते की हे बाहेरून लागलेले आहे, वॉरंटीत बसत नाही. मग तुम्ही विमा कंपनीकडे जाल आणि ती म्हणेल की हा यांत्रिक बिघाड आहे. या दोघांच्या मध्ये अडकलेले ग्राहक खूप आहेत, आणि त्यांची चूक बहुतेक वेळा एकच असते : विमा कंपनीने पाठवलेला सर्व्हेअर (नुकसान तपासणारा) येण्याआधी गिअरबॉक्स खोलू दिला. खूण दिसली तर लगेच क्लेम नोंदवा, केसिंगचे जवळून आणि लांबून फोटो काढा आणि सर्व्हेअरने पाहिल्याशिवाय काहीही उघडायचे नाही, असे जॉब कार्डावर (वर्कशॉपच्या कामाच्या नोंदपत्रावर) लिहून घ्या. बाहेरून मार बसल्याचे ठरले तर ओडी क्लेम चालतो आणि त्याच्यासोबत भत्ताही.

मग 25 दिवसांचे 45,000 रुपये कोणी द्यायचे? वॉरंटीच्या पुस्तिकेत सहसा लिहिलेले असते की गाडी वापरता न आल्यामुळे झालेला खर्च कंपनी देणार नाही. तिथेच थांबू नका. एक्स्टेंडेड वॉरंटी किंवा रोडसाइड असिस्टन्स पॅकेज घेतले असेल तर त्याची अटींची पाने वेगळी वाचा. काहींत पर्यायी गाडी किंवा टॅक्सीभाड्याची तरतूद असते. आणि विलंब अवाजवी असेल तर ती सेवेतली त्रुटी ठरू शकते. त्यासाठी कागद आजपासून जमवावे लागतात. जॉब कार्डावर गाडी आत घेतल्याची तारीख, किलोमीटर आणि तक्रार तुमच्या शब्दांत हवी. 'जनरल चेकअप' एवढेच लिहिले असेल तर सही करू नका. पार्ट कधी मागवला आणि कधी येणार, हे ईमेलवर विचारा. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने फोनवर सांगितले तर 'आपण आज असे सांगितलेत' असा मेल तुम्हीच पाठवा. त्याच मेलमध्ये पर्यायी गाडी लेखी मागा. भाड्याच्या प्रत्येक दिवसाची पावती ठेवा आणि आपल्या गाडीच्या तोडीचीच गाडी घ्या. वरच्या वर्गातली घेतली तर फरक मागता येत नाही.

उत्तर आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, मुदत दोन वर्षांची आहे, आणि फी तुम्ही मोजलेल्या किमतीवर ठरते : 10 ते 20 लाखांच्या गाडीसाठी 400 रुपये. वकील सक्तीचा नाही.

प्रश्न : वर्कशॉपने दुरुस्ती होईपर्यंत वापरायला एक गाडी दिली. घेताना एका छापील फॉर्मवर सही केली. पार्किंगमध्ये कुणीतरी मागचा बंपर ठोकून गेले. आता 22,000 रुपये मागत आहेत. त्यांच्या गाडीला विमा आहे ना? (नाशिक)

विमा असेल, पण तो त्यांचा आहे. क्लेम करायचा की नाही हे ते ठरवणार, आणि त्यांना आपला नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सवलत) वाचवायचा असतो. म्हणून पहिली मागणी तुमच्याकडे येते.

कायद्यात अशी गाडी घेणे म्हणजे निक्षेप. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 151 प्रमाणे दुसऱ्याची वस्तू ताब्यात असणाऱ्याने साधारण समंजस माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्यायची. कलम 152 प्रमाणे तेवढी काळजी घेतली असेल तर नुकसानीची जबाबदारी त्याच्यावर येत नाही. मात्र वेगळा करार असेल तर तो करार चालतो. तुमचा सगळा प्रश्न त्या छापील फॉर्मवर येऊन ठेपतो. त्याची प्रत आज मागा. 'कोणत्याही कारणाने झालेले नुकसान ग्राहक भरेल' असे लिहिले असेल तर बाजू कठीण आहे. 'ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे' असे असेल, तर रीतसर पार्किंगमध्ये उभ्या गाडीला दुसऱ्याने ठोकणे हा तुमचा निष्काळजीपणा नव्हे. सोसायटीचे सीसीटीव्ही फुटेज आजच उतरवून घ्या. अनेक ठिकाणी ते काही दिवसांत पुसले जाते. ठोकणाऱ्या गाडीचा नंबर मिळाला तर मागणीची दिशाच बदलते.

रकमेचा हिशेबही लेखी मागा. बंपर बदलला की दुरुस्त केला, पार्टची किंमत किती, रंगाचे किती, मजुरी किती. त्यांनी विम्यातून क्लेम केला असेल तर तुमच्याकडून फार तर विम्याने न भरलेला भाग मागता येईल : सक्तीचा वजावटीचा हिस्सा, जो 1500 सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला 1,000 आणि त्यावरच्या गाडीला 2,000 रुपये असतो, आणि झीरो डेप नसेल तर घसारा. प्लास्टिक, रबर, नायलॉनच्या भागांना हा घसारा थेट 50 टक्के धरतात, आणि बंपर प्लास्टिकचा असतो. विम्याकडून पैसे घेऊन तुमच्याकडूनही पूर्ण 22,000 घेणे चालणार नाही. क्लेम केला आहे का, हे ईमेलवर विचारा.

पुढच्या वेळी किल्ली हातात घेण्याआधी नंबर प्लेट पाहा. लाल पाटीवर पांढरी अक्षरे असतील तर ती गाडी डीलरच्या ट्रेड सर्टिफिकेटवर आहे. हे सर्टिफिकेट चाचणी, प्रात्यक्षिक, पोहोचवणे अशा ठरलेल्या कामांसाठी असते. ग्राहकाने आठवडाभर ऑफिसला जाण्यासाठी नाही. अशा गाडीने अपघात झाला तर विमा कंपनीला बोट ठेवायला जागा मिळते. ती गाडी घेऊ नका.

प्रश्न : सेल्फ-ड्राइव्ह कंपनीकडून महिनाभर गाडी घेणार आहे. 'फुल्ली इन्शुअर्ड' म्हणतात. डिपॉझिट 10,000. त्यात नेमके काय येते आणि घेताना काय पाहायचे? (छत्रपती संभाजीनगर)

'फुल्ली इन्शुअर्ड' या शब्दांना पॉलिसीत काही अर्थ नाही. तीन वेगळे प्रश्न विचारा : दुसऱ्याला इजा झाली तर कोण भरणार, या गाडीचे नुकसान झाले तर मी किती भरणार, आणि मला इजा झाली तर काय. तिसऱ्याचे उत्तर खाली ठाण्याच्या पत्रात आहे.

पहिल्यासाठी गाडी रीतसर असली पाहिजे. सेल्फ-ड्राइव्ह गाडीची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी असतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 75 खालच्या 1989 च्या रेंट-अ-कॅब योजनेत परवानाधारकाकडे किमान 50 गाड्या असाव्या लागतात, म्हणून लहान चालक अनेकदा मोठ्या परवान्याखाली काम करतात. करार कोणाच्या नावाने आहे आणि आरसी कोणाच्या, हे जुळवून पाहा. एमपरिवाहन अ‍ॅपवर नंबर टाकला की विम्याची मुदत, फिटनेस, पीयूसी दिसते. विमा संपलेली गाडी चालवताना सापडलात तर कलम 196 खाली पहिल्या वेळी 2,000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि ही जबाबदारी चालवणाऱ्यावरही येते.

लायसन्सबद्दल एक शंका वारंवार येते : काळ्या पाटीची गाडी व्यावसायिक, मग साधे एलएमव्ही (हलक्या वाहनाचे) लायसन्स चालेल का? चालेल. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केले की 7,500 किलोपर्यंतच्या एकूण वजनाचे व्यावसायिक हलके वाहन एलएमव्ही लायसन्सवर चालवता येते. या मुद्द्यावर कोणी क्लेम अडवत असेल तर हा निकाल पुढे करा. लायसन्सची मुदत संपलेली नको, आणि चालवणाऱ्या प्रत्येकाचे नाव करारात हवे. मेहुण्याला दहा मिनिटे चालवायला दिली आणि त्याचे नाव करारात नाही, तर कराराचा भंग झाला. मग नुकसानीची मर्यादा वगैरे सगळी कलमे तुमच्यासाठी गळून पडतात.

आता दुसरा प्रश्न, आणि बहुतेकांचे पैसे इथेच जातात. करारात 'ग्राहकाची कमाल जबाबदारी' असा आकडा शोधा. तो आकडा डिपॉझिटपेक्षा मोठा असू शकतो. डिपॉझिट ही मर्यादा नाही, ती फक्त आधी घेऊन ठेवलेली रक्कम आहे. मग त्या मर्यादेतून वगळलेल्या गोष्टींची यादी वाचा. टायर, रिम, काचा, आतली सीट-कव्हर्स, हरवलेली किल्ली, क्लचप्लेट आणि गाडीचा खालचा भाग सहसा या यादीत असतात. गाडी दुरुस्तीत असेल तितक्या दिवसांचे बुडालेले भाडेही अनेक करारांत ग्राहकावर टाकलेले असते. विमा कंपनी हे बुडालेले भाडे मालकाला देत नाही, म्हणून ते तुमच्याकडे येते. भाड्याच्या निम्मे की पूर्ण, आणि जास्तीत जास्त किती दिवस, हे करारात लिहून घ्या.

गाडी ताब्यात घेताना दिवसाच्या उजेडात, पुसलेल्या गाडीचा न थांबता एकच व्हिडिओ काढा. धुळीखाली ओरखडे दिसत नाहीत. गाडी मळलेली असेल तर पुसायला सांगा, त्यासाठी थांबा. डॅशबोर्डवरचे किलोमीटर आणि इंधनाचा काटा यांपासून सुरू करून चारही बाजू फिरा. मग गुडघ्यावर बसून पुढच्या बंपरची खालची कड, दोन्ही बाजूंचे सिल आणि चारही रिमच्या कडा घ्या. शेवटी मोबाइल गाडीखाली धरून ऑइल चेंबरचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचा) फोटो. चेंबरवर आधीचा पोचा असेल तर तो आजच कागदावर आला पाहिजे. स्टेपनी, जॅक, पाना आहेत का पाहा. व्हिडिओ कंपनीला तिथेच व्हॉट्सअ‍ॅप करा, म्हणजे वेळ नोंदली जाते. परत देताना हेच पुन्हा करा आणि 'गाडी मिळाली, नुकसान नाही' असा लेखी मेसेज हातात पडल्याशिवाय निघू नका.

चेंबरवर एवढा जोर का, तेही सांगायला हवे. खड्ड्यात चेंबर फुटले आणि ऑइलचा लाल दिवा लागला असताना गाडी दोन किलोमीटर पुढे रेटली, तर इंजिन जाम होते. विम्याच्या भाषेत चेंबर फुटणे हा अपघात आणि इंजिन जाम होणे हा त्यानंतरचा परिणामी बिघाड. पहिला क्लेममध्ये बसतो, दुसरा नाही. पाण्यातही तसेच. साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली आणि पुन्हा स्टार्टर मारला, की सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन संरक्षणाचे अ‍ॅड-ऑन असल्याशिवाय हे भरून मिळत नाही, आणि भाड्याच्या गाडीला ते आहे की नाही हे तुम्हाला माहीत नसते. पावसाळ्यात गाडी घेत असाल तर हा प्रश्न लेखी विचारा. बंद पडली तर स्टार्टरला हात लावू नका, ढकलून बाजूला घ्या, फोन करा.

एक कलम मात्र तुमच्या बाजूचे आहे आणि ते फार कमी लोक वापरतात. करार अधिनियमाचे कलम 150 सांगते की वस्तू भाड्याने दिली असेल, तर तिच्यातल्या दोषामुळे झालेल्या नुकसानीला देणारा जबाबदार असतो, दोष त्याला माहीत असो वा नसो. ब्रेक पाइप गंजून फुटला किंवा तार निघालेला टायर फुटला, तर बिल तुमच्यावर टाकण्याआधी त्यांना याचे उत्तर द्यावे लागेल. तुटलेला भाग फेकू देऊ नका. त्याचे फोटो घ्या आणि तो जपून ठेवण्याची लेखी मागणी करा.

वाद झाला तर विमा लोकपालाकडे जाता येईल का, असे विचारले जाते. त्या पॉलिसीचे विमाधारक तुम्ही नाही, त्यामुळे तो रस्ता तुमच्यासाठी नाही. तुम्ही भाडे कंपनीचे ग्राहक आहात, म्हणून ग्राहक आयोग.

प्रश्न : गोव्यात महिनाभर काम आहे, माझी गाडी कोल्हापुरात वॉरंटीच्या दुरुस्तीला. ओळखीतून पांढऱ्या पाटीची गाडी निम्म्या भाड्यात मिळते आहे. घ्यावी का? (मुक्काम पणजी)

घेऊ नका. खासगी गाडीच्या पॉलिसीत वापराची मर्यादा छापलेली असते : भाड्याने किंवा मोबदल्यासाठी वापर सोडून. पैसे दिले की गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाकारायला कारण मिळाले. त्याहून जड गोष्ट म्हणजे दुसऱ्या कोणाला इजा झाली तर. परवान्याशिवाय भाड्याने वापर हा विमा कंपनीला मिळालेल्या कायदेशीर बचावांपैकी एक आहे. न्यायाधिकरणाने आधी विमा कंपनीने भरावे असे सांगितले, तरी ती रक्कम नंतर मालकाकडून वसूल करण्याची मुभा दिली जाते आणि चालक म्हणून तुम्हीही त्या प्रकरणात असता. अशा दाव्यांच्या रकमा लाखांत असतात. भाड्यात वाचलेले काही हजार त्यापुढे काहीच नाहीत. गोव्यात काळ्या पाटीच्या गाड्या भरपूर आहेत. आरटीओ पांढऱ्या पाटीच्या भाड्याच्या गाड्या धरते, तेव्हा तुमचे सामानही रस्त्यावर येते.

प्रश्न : भाड्याची गाडी नवरा चालवणार. त्याला काही झाले तर त्या गाडीच्या विम्यातून आम्हाला काही मिळेल का? आमच्या गाडीवर 15 लाखांचे अपघात संरक्षण आहे. (ठाणे)

ताई, या पत्रांतला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि उत्तर बहुतेक घरांत माहीत नसते.

तुमच्या पॉलिसीतले 15 लाखांचे संरक्षण 'मालक-चालक' म्हणून आहे. ते तुमच्या गाडीच्या नोंदणीकृत मालकाला, त्या गाडीच्या संदर्भात मिळते. भाड्याच्या गाडीचा मालक कंपनी आहे, तुमचे यजमान नाहीत. त्यामुळे त्या गाडीच्या पॉलिसीतूनही मालक-चालक म्हणून काही नाही.

दुसऱ्या गाडीची चूक असेल तर तिच्या विमा कंपनीकडून भरपाई मागता येते, ती वाट खुली आहे. पण स्वतःची चूक असेल किंवा गाडी झाडावर, दुभाजकावर आदळली असेल तर? सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये निंगम्मा प्रकरणात आणि पुन्हा 2020 मध्ये रामखिलाडी प्रकरणात म्हटले की मालकाकडून वाहन मागून घेऊन चालवणारा हा मालकाच्याच जागी उभा असतो, म्हणून त्या वाहनाच्या विम्यापुरता तो तिसरा पक्ष (विमा ज्याला भरपाई देतो तो बाहेरचा माणूस) ठरत नाही. भाड्याने घेतलेल्या गाडीच्या चालकाविरुद्धही हाच युक्तिवाद पुढे येतो. म्हणजे घरच्यांच्या हाती काहीच नाही, अशी वेळ येऊ शकते.

यावरचा उपाय स्वस्त आणि सोपा आहे. माणसाच्या नावाने वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी घ्या, ज्यात मृत्यू, कायमचे पूर्ण आणि अंशतः अपंगत्व आणि शक्यतो आठवड्याचा भत्ता असेल. ती गाडीला नाही, माणसाला चिकटते. भाड्याची गाडी, रिक्षा, लोकल, जिना, कुठेही लागू. अशी किमान 15 लाखांची पॉलिसी असेल तर स्वतःच्या गाडीवर सक्तीचे मालक-चालक संरक्षण पुन्हा घेण्याची गरज नसते. नूतनीकरणाच्या वेळी तसे लिहून द्या. दोघांच्याही नावाने घ्या. भाड्याची गाडी हातात येण्याआधी घ्या.

प्रश्न : मित्राची गाडी फुकट वापरली तर? (सातारा)

चालेल. वैध लायसन्स असलेल्या, मालकाच्या संमतीने चालवणाऱ्या कोणालाही खासगी पॉलिसी चालते. पेट्रोल भरून देणे म्हणजे भाडे नाही. पण क्लेम मित्राच्या पॉलिसीवर होईल आणि त्याचा नो क्लेम बोनस जाईल. पायऱ्या 20, 25, 35, 45, 50 टक्के अशा आहेत. 50 वरचा माणूस एका क्लेमने शून्यावर येतो आणि परत 50 ला पोहोचेपर्यंत दर वर्षी अनुक्रमे 50, 30, 25, 15 आणि 5 टक्के सवलत गमावतो. एकूण एका वर्षाच्या ओडी प्रीमियमच्या सव्वापट. बोनस धरण्याआधीचा ओडी प्रीमियम 14,000 असेल आणि तो तसाच राहिला, तर नुकसान साधारण 17,500 रुपयांचे. म्हणून दुरुस्ती यापेक्षा कमी असेल तर क्लेम न करता खर्च तुम्ही स्वतः द्या. मित्राकडे बोनस संरक्षणाचे अ‍ॅड-ऑन असेल तर हिशेब बदलतो, ते आधी विचारा.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत असतो. गाडी वॉरंटीत डीलरकडे आहे, भाड्याची घ्यायची आहे. आई-बाबा भारतातून आले आहेत, बाबाही चालवतील. काउंटरवरचे रोज 30 डॉलरचे संरक्षण घ्यावे का? (एडिसन)

तुमच्याकडे नियम जवळजवळ उलटा आहे. अमेरिकेतल्या वैयक्तिक वाहन पॉलिसीत सहसा 'तात्पुरती बदली गाडी' ही कल्पना असते : तुमची गाडी बिघाड, दुरुस्ती किंवा सर्व्हिसिंगमुळे वापरात नसेल तर तिच्या जागी घेतलेल्या गाडीवर तुमचेच संरक्षण सरकते. वॉरंटीची दुरुस्तीही यात येते. मात्र तुमच्याकडे जे आहे तेवढेच सरकते. कोलिजन (टक्कर) आणि कॉम्प्रिहेन्सिव्ह (चोरी, आग वगैरे) घेतलेच नसेल आणि फक्त लायबिलिटी (दुसऱ्याचे नुकसान) असेल, तर भाड्याच्या गाडीच्या नुकसानीला काही नाही. असेल तर तुमचे डिडक्टिबल, म्हणजे बहुधा 500 किंवा 1,000 डॉलर, तुम्ही भरायचे.

फटी तीन ठिकाणी असतात : गाडी दुरुस्तीत असतानाचे कंपनीचे बुडालेले भाडे, गाडीची उतरलेली किंमत आणि प्रशासकीय शुल्क. एजंटला या तिन्हींबद्दल नाव घेऊन विचारा आणि उत्तर ईमेलवर मागा. क्रेडिट कार्ड यातला काही भाग भरू शकते, पण पूर्ण भाडे त्याच कार्डाने दिले असेल आणि काउंटरचे संरक्षण नाकारले असेल तरच. कार्डाचे संरक्षण बहुधा गाडीच्या नुकसानीपुरते असते, दुसऱ्याच्या इजेसाठी नाही. या तीन फटी बंद होत असतील तर 30 डॉलर देऊ नका. नसतील तर आठवड्याचे 210 डॉलर द्या.

भाड्याचा खर्च मिळेल का? पॉलिसीतले रेंटल रिइम्बर्समेंट (भाड्याची परतफेड) अपघाताच्या क्लेमलाच लागते, यांत्रिक बिघाडाला नाही. इथे तुमची गत पुण्याच्या वाचकासारखीच. मात्र काही उत्पादकांची वॉरंटी आणि बरेचसे सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट दिवसाला ठराविक रक्कम देतात, तेव्हा डीलरला आधी विचारा. डीलरने स्वतःची लोनर गाडी दिली तर त्याच्या करारात 'ग्राहकाचा विमा प्रथम' असे असते. तिथे भाडे कार्डाने दिलेले नसते, म्हणून कार्डाच्या संरक्षणावर विसंबू नका.

बाबांचे नाव करारात चालक म्हणून घातल्याशिवाय त्यांना चालवू देऊ नका, आणि ते काही महिने तुमच्या घरी राहत आहेत हे तुमच्या विमा कंपनीलाही कळवा.

प्रश्न : नवी गाडी दीड महिना वर्कशॉपमध्ये पडून आहे. विमा पुढच्या आठवड्यात संपतो. गाडी चालतच नाही, मग नूतनीकरण थांबवले तर? (सांगली)

थांबवू नका. आग, चोरी, पूर हे उभ्या गाडीलाही होते. ऑगस्ट 2019 चा महापूर तुमच्या गावाने पाहिला आहे. वर्कशॉपवर काळजी घेण्याची जबाबदारी आहे, पण नैसर्गिक आपत्तीत ते करार अधिनियमाचे कलम 152 पुढे करतील आणि तुमच्या हाती पॉलिसी नसेल.

नव्या गाडीत आणखी एक घोळ होतो. सप्टेंबर 2018 पासून नव्या कारला थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचा) विमा तीन वर्षांचा घ्यावा लागतो, ओडी मात्र बहुधा एकच वर्षाचा असतो. पॉलिसीवर 'तीन वर्षे' वाचून लोक निश्चिंत राहतात आणि ओडी गुपचूप संपतो. तुमचा कोणता भाग संपतो आहे ते पाहा. खंड पडला तर विमा कंपनी नव्याने तपासणी मागते, आणि इंजिन उतरवलेल्या गाडीची तपासणी करून घेणे फार कटकटीचे होते. 90 दिवसांपेक्षा जास्त खंड पडला तर नो क्लेम बोनसही जातो.

जॉब कार्डावर किलोमीटर लिहून घेतले नसतील तर आज जाऊन घ्या. टेस्ट ड्राइव्हमध्ये मेकॅनिकने गाडी ठोकली तर वर्कशॉप तुमच्याच पॉलिसीवर क्लेम लावू पाहते, 'कॅशलेस करून देतो' म्हणते. क्लेम फॉर्मवर सही करू नका. खासगी पॉलिसीत वाहन व्यवसायाशी संबंधित वापर वगळलेला असतो, आणि क्लेम झालाच तरी बोनस तुमचा जाईल. गाडी त्यांच्या ताब्यात होती, चालवणारा त्यांचा माणूस होता. दुरुस्ती त्यांच्या खर्चाने किंवा त्यांच्या विम्यातून करावी, असा मेल त्याच दिवशी पाठवा आणि त्यासोबत गाडी आत देताना काढलेले फोटो जोडा.